सकाळी सातला सोळा डिग्री

नेल्सन
२ मे १९८४

प्रिय मर्डॉक,

सोबत थर्मामीटर पाठवतेय. तो ज्या लोकरी मोज्यात गुंडाळलाय तो मोजा फेकू नकोस. तोही तुझ्यासाठीच आहे, आणि त्याचा जोडीदार खोक्याच्या तळाशी आहे.

आता नीट वाच. चष्मा लावून वाच. गेल्या हिवाळ्यात, जुलैत, निमोनिया होऊन डनीडिनच्या इस्पितळात तू दहा दिवस नाकात नळी घालून पडला होतास. तेव्हा माझा हात धरून कबूल केलं होतंस की यापुढे त्या गारठलेल्या घरात एकही हिवाळा काढणार नाही. आठवतंय, की ऑक्सिजनबरोबर तेही उडून गेलं? डनीडिनला चर्चचा वृद्धाश्रम आहे, तिथे मी तुझं नाव घालून ठेवलंय. मेट्रनबाई चांगल्या आहेत. जुलैअखेरपर्यंत खोली राखून ठेवते म्हणाल्या. खिडकीतून समुद्र दिसतो. कुत्री चालत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून तू पत्र चुलीत घालायला उठला असशील. बस खाली. मी काही राक्षसीण नाही. तुला एक संधी देतेय. तू जिथे बसतोस-उठतोस त्या खोलीत हा थर्मामीटर टांग. रोज सकाळी सातला बघ आणि आकडा लिहून ठेव. जुलै संपायच्या आत ओळीने सात दिवस सोळा डिग्री किंवा वर दिसली, तर मी वृद्धाश्रमाचं नावही काढणार नाही. नाही दिसली, तर गपगुमान बॅग भरायची आणि बेसला शेजारी डोरीनकडे सोडायचं. सोळाचा आकडा माझा नाही, तुझ्याच डॉक्टरांचा आहे.

आणि थर्मामीटर काखेत उबवून लिहिलेले आकडे चालणार नाहीत. मी तुला ओळखते.

स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करत जा. गेल्या खेपेला त्या टिपटिपीनं माझं डोकं उठवलं होतं.

माझं इथं झकास चाललंय. नेल्सनचं ऊन काय विचारतोस, खिडक्या सताड उघड्या टाकाव्या लागतात. अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन खराब आहे.

तुझी बहीण,
आयल्सा

---

गॅरीबर्न, ओटागो
१४ मे

प्रिय आयल्सा,

थर्मामीटर पोचला. मोजे पोचले. धमकीही सुखरूप पोचली.

नाकात नळी असलेला माणूस काय वाटेल ते कबूल करतो गं. तू त्या वेळी माझं लग्न लावून दिलं असतंस तरी मी मान डोलावली असती. पण शब्द दिला तो दिला. तुझी पैज मान्य. फक्त बेसला वाचून दाखवताना ते कुत्र्याचं वाक्य मी गाळलं. बारा वर्षांची झाली आता ती, उगाच जिवाला घोर कशाला?

थर्मामीटर बैठकीच्या खोलीत टांगलाय, पियानोच्या वर, आईच्या फोटोशेजारी. पहिल्या दिवशी पाच डिग्री. मी काचेवर टिचकी मारली, तर चार झाली. मग पुन्हा हात लावला नाही.

हसू नकोस, मी कंबर कसलीय. धुराडं साफ केलं; दोन बादल्या काजळी आणि एक घरटं निघालं. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या पट्ट्या पिठाच्या खळीनं चिकटवल्या. बाबांची जुनी पँट आठवते, कॉर्डरॉयची? तिचे दोन्ही पाय कापून वाळूनं भरले. एक पुढच्या दाराच्या फटीला, एक मागच्या. बाबा गेले तरी घरात वारा येऊ देत नाहीत.

पण खरा हुकमाचा एक्का पुढेच आहे. चाळीस वर्षं मी मेंढ्या पाळल्या. एक तरी मेंढी थंडीनं कुडकुडताना पाहिलीस का तू? छपरीत यंदाच्या कातरणीची लोकर पडून आहे, आठ मेंढ्यांची. ती सगळी माळ्यावर, छताच्या फळ्यांवर अंथरतोय. घरालाच स्वेटर घालतोय म्हण ना! डोरीन कुंपणापलीकडून बघून पोट धरधरून हसली. हसू दे. तिच्या घरात तरी कुठे उबारा आहे? ती टोपी घालून स्वयंपाक करते.

तुझ्या हुकमाप्रमाणे नळ घट्ट बंद करतो. जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकतोय, तारीख टिपून ठेव.

मर्डॉक

---

नेल्सन
२६ मे

प्रिय मर्डॉक,

लोकर धुतली आहेस ना? मेंढीच्या अंगावरची तशीच नाही ना चढवलीस वर? मला उलट टपाली कळव. छे, उलट टपाली नको, आधी खाली उतरव आणि मग कळव.

बैठकीच्या खोलीतच थर्मामीटर ठेवलास हे बरं केलंस. आईनं जन्मभर ती खोली आरशासारखी ठेवली. आपण कोट-टोप्या घालून ओळीनं बसायचो, तोंडातून वाफा निघायच्या, आणि बाबा म्हणायचे, "थंडी वाजते? मग आणखी एक स्वेटर घाल." त्यांना शेगडीत दुसरं लाकूड घालणं म्हणजे माजोरीपणा वाटायचा. ग्लासात ठेवलेला दात घासायचा ब्रश सकाळी बर्फासकट बाहेर यायचा. आणि तरी आपण मेलो नाही, असं तू म्हणशील. मर्डॉक, आपण तेव्हा दहा-बारा वर्षांचे होतो. आता तू त्र्याहत्तर वर्षांचा आहेस.

पियानोवरचा चहाचा निळा सेट आहे का अजून? पाच कपांचा? सहावा मी फोडून कुठेतरी पुरला, असं आईनं ठरवून टाकलं होतं. महिनाभर रविवारचा केक बंद होता माझा. मी तो कप फोडला नव्हता. सदुसष्ट वर्षं झाली, पण अजून सांगते, मी फोडला नव्हता!

बिचारी आई. आज सोमवार नाही, तरी का कोण जाणे सोमवारची आठवण आली. सकाळी आठला धुण्याच्या खोलीत शिरायची ती चारलाच बाहेर यायची. एवढे ढीगभर कपडे, तो तांब्याचा हंडा, ते पिळणं, आणि कुणाला मदतीलाही येऊ द्यायची नाही. तरी दाराआडून गाणी म्हणायची. एवढं राबून गाणी कशी सुचत असतील तिला?

मी हल्ली पत्रं पलंगातूनच लिहिते. या वयात सकाळी जरा लोळावंसं वाटतं.

आयल्सा

---

गॅरीबर्न
१२ जून

प्रिय आयल्सा,

नव्हती धुतली.

आता ऐक. पहिले आठ दिवस सगळं ठीक होतं. मग मी बैठकीच्या खोलीत शेगडी चांगली रसरसवली, ऊब वर गेली, आणि लोकरीतलं तेल जागं झालं. आयल्सा, तो वास! पावसात भिजलेल्या दोनशे मेंढ्या चर्चमध्ये कोंडल्यासारखा. बेस छताकडे बघून भुंकायला लागली. दिवसभर ती पियानोखाली दबा धरून बसायची, वरचा कळप कधी खाली उतरतो म्हणून. गुरुवारी पाद्रीबुवा आले होते. चहाचा एक घोट घेतला, वर पाहिलं, आणि म्हणाले, "मर्डॉक, तुमच्याकडे आलं की कळपाची आठवण होते." दुसरा घोट घेतलाच नाही, उठले.

शेवटी डोरीननंच पुढाकार घेतला. सगळी लोकर खाली काढली, आमच्या धुण्याच्या खोलीतल्या हंड्यात उकळत्या पाण्यात धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघत होते. हातभर लांब जीभ आहे त्या बाईला, पण हात सोन्याचे आहेत.

धुतलेली लोकर परत वर चढवली आणि बैठकीत आकडा आला नऊ. फक्त नऊ. शेगडी रात्रभर धुमसत ठेवून नऊ! मी पियानोसमोर बसून आईच्या फोटोकडे बघत राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी मी बॅग कुठे ठेवलीय ते शोधून काढलं.

आणि काल दुसरंच नाटक झालं. परवा कडाक्याचं दहिवर पडलं आणि काल सकाळी स्वयंपाकघराच्या छतातून धबधबा. पाइप गोठून फुटला. का फुटला? कारण गॅरीबर्नमध्ये जून लागला की शेंबडं पोरसुद्धा नळ थोडा टिपटिपत ठेवतं, वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. आणि मी मात्र घट्ट बंद केला होता. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहीत नाही. तू इथेच जन्मलीस ना गं? चाळीस वर्षं नेल्सनच्या उन्हात राहून विसरलीस? मला माहीत होतं, पण म्हटलं एक जरी अट मोडली तर बाईसाहेब सगळी पैजच मोडीत काढतील.

हेमी पराटा आला होता पाइप जोडायला. चांगला प्लंबर आहे. जाता जाता तो आपल्या घराबद्दल असं काही बोलला की अजून ते माझ्या गळी उतरत नाही. उतरलं की लिहीन.

मर्डॉक

---

नेल्सन
२० जून

मर्डॉक,

डोरीनचं पत्र आलं. तिला वाटलं मला माहीत आहे. तू धुण्याच्या खोलीत झोपतोस! हंड्याच्या बाजूला, खाटेवर, कुत्रीला घेऊन! भिंत फोडलीस म्हणे. "पण मजेत आहेत," असं ती लिहिते. मजेत!

जिथे आई कपडे धुवायची तिथे माझा भाऊ झोपतो, आणि मला परक्या बाईकडून कळतं? घर एवढं गळतंय का? पाइप पुन्हा फुटला का? की तुझं डोकं ठिकाणावर नाही? आणि मी वेडी इथे बसून आकड्यांची वाट बघतेय.

नळाचं माझं चुकलं. ते मान्य. त्यासाठी दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. पण म्हणून तू असं करायचंस?

मी मेट्रनबाईंना कळवलंय, खोली नक्की. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः येऊन तुला घेऊन जाणार. आता वाद नको. मला भीती वाटते रे. मला एकच भाऊ आहे, आणि गेल्या वर्षी इस्पितळाच्या त्या पांढऱ्या पडद्याआड मी त्याला एकदा जवळजवळ गमावून बसले होते. पुन्हा ते माझ्याच्यानं होणार नाही.

शाई फुटलीय. कागद वाईट आहे, दुसरं काही नाही.

आयल्सा

---

गॅरीबर्न
२८ जून

प्रिय आयल्सा,

बॅग खाली ठेव. खुर्चीत बस. जमलं तर चहा घे. मग वाच.

हेमी पाइप जोडून झाल्यावर हात पुसायला फडकं शोधत कोठीच्या खोलीत गेला आणि ओरडला, "मर्डॉक, तुझं लोणी वितळलंय!" मी म्हटलं, त्यात काय, आमच्या कोठीत लोणी नेहमीच वितळतं. बाहेर बर्फ असला तरी. आई कायम त्या लोण्याला शिव्या घालायची. हेमी माझ्याकडे बघतच राहिला. मग अंगणात गेला, घराला एक फेरी मारली, परत आला आणि विचारलं, "तुमचं घर कुणी उलटं फिरवलं?"

मला राग आला. म्हटलं, माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातानं बांधलंय. तो म्हणाला, "ते ठीक. पण ऊन उत्तरेकडून येतं, आणि तुमच्या उत्तरेला धुण्याची खोली आणि कोठी. मोठ्या मोठ्या खिडक्यांची बैठक दक्षिणेला, जिथे वारा सरळ दक्षिण ध्रुवाच्या बर्फावरून येतो. तुम्ही शंभर मेंढ्या वर टाका, काय फरक पडणार?"

तो गेल्यावर मी बोळातल्या भिंतीवरचा घराचा नकाशा काढून खिडकीशी नेला. आजोबांनी अ‍ॅबरडीनहून पेटीत घालून आणलेला. त्यावर सुरेख अक्षरात लिहिलंय, 'बैठक, दक्षिणेला, उन्हासाठी.' अगं, अ‍ॅबरडीनला ऊन दक्षिणेकडूनच येतं! बारा हजार मैल आले, विषुववृत्त ओलांडलं, ऊन उत्तरेला गेलं, आणि आजोबांनी नकाशा तसाच्या तसा उभा केला. सत्त्याऐंशी वर्षं आपलं सगळं खानदान सावलीत कुडकुडत बसलं, आणि उन्हात बसलं कोण, तर लोणी!

म्हणून मी धुण्याच्या खोलीत गेलो. डोकं ठिकाणावर आहे माझं, उलट आत्ताच कुठे ठिकाणावर आलंय. उत्तरेची भिंत फोडली ती खिडकीसाठी. हेमीनं जुनी मोठी खिडकी आणून बसवली. माळ्यावरची सगळी लोकर या एकाच खोलीवर आणली. दिवसभर ऊन दगडी भिंतीत मुरतं, संध्याकाळी हंड्याखाली दोन लाकडं घातली की झालं. आता आकडे घे. एकवीस तारखेपासून: सोळा, सोळा, सतरा, सोळा, सतरा, सतरा, अठरा. अठरा आली त्या दिवशी बेस थर्मामीटरखालीच झोपली होती, एक डिग्री तिची धर. डोरीननं खाली साक्षीदार म्हणून सही केलीय, कारण तू मला ओळखतेस.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे.

भिंत फोडायची म्हणून हंड्यामागचं जुनं फळकूट काढलं. त्यामागे कोनाडा निघाला. कोनाड्यात एक बुटकी खुर्ची, पाय कापून आखूड केलेली, वर चपटी झालेली उशी. खिळ्याला आईची करडी शाल. आणि फळीवर, तळाशी चहाचा डाग असलेला, एक निळा कप.

तू फोडला नव्हतास, आयल्सा.

आई सोमवारी राबत नव्हती गं. कपडे दुपारी बारापर्यंत वाळत पडायचे असणार. मग ती दार लावून उन्हात बसायची, चहा प्यायची आणि गाणी म्हणायची. अख्ख्या घरात उबारा कुठे आहे हे एकट्या तिला ठाऊक होतं. आजोबांचं घर चुकलंय असं बाबांच्या तोंडावर कोण सांगणार? म्हणून तिनं आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी चोरला, आणि कपाची चोरी तुझ्या माथी मारली. मी त्या खुर्चीत बसलो आणि हसता हसता मला रडू आलं.

आता तुझी पाळी. पलंगातून लिहितेस. अक्षर वाकडं, पेन खराब. शाई फुटली. मागच्या तिन्ही पत्रांच्या घडीत मला लाल लोकरीचे तंतू सापडलेत, आणि लाल लोकरीचे हातमोजे तुझेच, मीच दिलेले. खिडक्या सताड उघड्या टाकणारी बाई हातमोजे घालून पत्रं लिहिते काय? आणि पत्रांना येणारा, छातीला चोळायच्या कापराच्या तेलाचा वास तर माझ्या लोकरीच्या वासावरही मात करतो.

थर्मामीटर परत पाठवतोय, त्याच मोज्यात. तुझ्या खोलीत टांग. सकाळी सात, सात दिवस. खरं लिही. मला तरी कुठे दुसरी बहीण आहे?

मर्डॉक

साक्षीदार: डोरीन हडलस्टन. (आकडे खरे आहेत. मी रोज सातला आले. चहा फार कडक करतात.)

---

नेल्सन
१० जुलै

प्रिय मर्डॉक,

सात. सहा. सात. सात. पाच. सहा. सात.

काखेत उबवला नाही. तोही विचार आला होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उत्तरेला तीन मजली इमारत उभी राहिली. तेव्हापासून मे ते ऑगस्ट माझ्या घरात ऊन असं येतच नाही. नेल्सनमध्ये सगळीकडे ऊन आहे, फक्त माझा पलंग सोडून. तुला कसं सांगणार? सगळ्या जगाला शिस्त लावणारी मी, तुला थर्मामीटर पाठवणारी मी, आणि स्वतः अकरा वाजेपर्यंत कोट घालून पांघरुणात! इस्पितळातून तुला घरी सोडून आले त्या रात्रीपासून मला तुझ्या थंडीची काळजी करायला सोपं जात होतं. स्वतःची केली असती तर एकटी आहे हे कबूल करावं लागलं असतं.

मेट्रनबाईंना फोन केला, खोली नको म्हणून. त्या म्हणाल्या, "मग तुमच्यासाठी ठेवू का?" मला इतका राग आला की फोन आपटला. नंतर दिवसभर तुझा राग समजला. माफ कर.

पत्र चौथ्यांदा वाचलं. कपाच्या ओळीशी दर वेळी थांबते. सदुसष्ट वर्षं मी आईवर रुसून होते, आणि आज वाटतं, बरं झालं आई, चोरलास. आणखी दोन चोरायचे होतेस. महिन्याभराचा केक तुला माफ.

येत्या सोमवारी येतेय. रविवारीच निघून, दोन बस बदलून दुपारी एकच्या सुमाराला पोचेन. तुला घेऊन जायला नव्हे. धुण्याच्या खोलीत दुसरी खाट बसते का ते मोजून ठेव. नाही बसली तर कोठीची भिंतही फोड, लोण्याला म्हणावं आता बैठकीत जाऊन बस. हेमीला बोलाव, डोरीनला जेवायला बोलाव. चहा मी करीन, तुझा नको.

सोमवारचं धुणं मी येईपर्यंत कुणी करायचं नाही. दार मी आतून लावणार आहे. आईची खुर्ची उन्हात ओढून ठेव, आणि तो निळा कप धुऊ नकोस. तसाच माझ्या हातात दे.

तुझी,
आयल्सा

ता. क. नळ टिपटिपत ठेव. त्याचा आवाज मला आवडतो.